अकरा पट्ट्यांचे पुसलेले नंबर

माझा मामा पन्हळी धरून ठेवतो. स्वतःच्या हातांनी नव्हे. हात मजबूत आहेत, पण इतके नाहीत. छपराच्या कडेनं पावसाचं पाणी वाहून नेणारी अर्धगोल पन्हळ असते ना, तिला खालून झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या तो वाकवतो. पन्हळ सगळ्यांना दिसते, पट्टी कुणालाच दिसत नाही, आणि या अन्यायाबद्दल तो गेली तीस वर्षं सापडेल त्याला ऐकवत आला आहे. "टोपीचं कौतुक सगळे करतात. खाली डोकं आहे हे कुणी बघतं का?"

बाजारात त्याला 'सूतभर' म्हणतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मामाचा सगळा संसार याच मापात चालतो. आमटीत मीठ सूतभर कमी, शेजाऱ्याची अक्कल दोन सूत कमी. मला एक स्थळ आलं होतं, तेव्हा मुलगी बघून आल्यावर म्हणाला, "चांगली आहे. पण तुझ्यापेक्षा सूतभर जास्तच हुशार आहे. तुला झेपायची नाही." स्थळ मोडलं. मुलीकडच्यांचंही हेच मत पडलं असावं.

मात्र कामात त्याच्यासारखा माणूस नाही, हे मी भाचा म्हणून नव्हे, तर हार्डवेअरच्या दुकानात बिलं फाडणारा कारकून म्हणून सांगतो. पन्हळ अगदी सपाट बसवली तर पाणी तुंबतं. उतार जास्त दिला तर खालून घर कलल्यासारखं दिसतं. "उतार पाण्याला कळावा, माणसाला कळू नये," हे मामाचं ब्रीद. त्यासाठी एका छपराच्या सगळ्या पट्ट्या तो बाकावर शेजारी शेजारी मांडतो, त्यांच्यावर रूळ तिरका ठेवतो आणि खडूनं या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच तिरकी रेघ ओढतो. मग प्रत्येक पट्टी रेघ पडली तिथं वाकवायची. प्रत्येक पट्टी शेजारणीपेक्षा एक सूत खाली लोंबते. सुटी पट्टी हातात घेतली तर कळत नाही, सगळ्या ओळीनं लागल्या की उतार आपोआप तयार. त्यामुळे ओळ चुकून चालत नाही. म्हणून वाकवल्यावर प्रत्येकीवर ठशानं नंबर ठोकायचा. एक नंबर सगळ्यात उंच, पन्हळीतलं पाणी खाली उतरवणाऱ्या पाइपापासून लांबच्या टोकाला. शेवटचा नंबर सगळ्यात खाली, पाइपाजवळ.

हे नंबर वाचून वर लावायचं काम बगळ्याचं. बगळा म्हणजे मामाचा फिटर. लांब पाय, लांब मान, आणि शिडीवर एक पाय दुमडून उभं राहायची सवय. दुसरं नाव ठेवायला कुणाला सुचलंच नसतं. मामाला उंचीची भीती. तो स्टुलावर चढूनसुद्धा बल्ब बदलत नाही, मामी बदलते. बगळ्याला जमिनीवर करमत नाही. तेव्हा मामानं खाली वाकवायचं आणि बगळ्यानं वर लावायचं, अशी दोघांची बावीस वर्षं जोडी. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही, हा अलिखित करार. नंबर बरोबर आहे का, हे बगळ्यानं कधी विचारलं नाही. स्क्रू घट्ट बसलेत का, हे मामानं कधी पाहिलं नाही. पाहायला वर जावं लागलं असतं.

दीड वर्षापूर्वी वाचनालयाच्या छपराचं काम आलं. एकच लांब बाजू, अकरा पट्ट्या. मामासाठी अर्ध्या दिवसाचं काम. तो नेहमी भिंतीला पाठ लावून बाकाशी बसतो. त्या दिवशी भिंतीशी कुणाचं तरी अर्धवट फाटक उभं करून ठेवलेलं होतं, म्हणून तो बाकाच्या दुसऱ्या बाजूला, दाराकडे पाठ करून बसला. पट्ट्या होत्या तिथंच होत्या, पण मामा उलट्या बाजूला. त्याचं डावं ते उजवं झालं. आणि बावीस वर्षांच्या सवयीनं त्यानं डावीकडून नंबर ठोकायला सुरुवात केली. सगळ्यात खालच्या पट्टीवर एक. सगळ्यात उंच पट्टीवर अकरा. पट्ट्यांची मोळी बांधली आणि जेवायला गेला.

लावायच्या दिवशी मी तिथं होतो. स्क्रू कमी पडले म्हणून दुकानातून घेऊन गेलो होतो. वाचनालयाच्या बाई दारात उभ्या होत्या, सभासद वर्तमानपत्रं सोडून बाहेर आले होते. दुसऱ्याला काम करताना बघण्यासारखं वाचन नाही. बगळ्यानं बहुतेक पट्ट्या लावल्या होत्या. त्यानं पाणसळ ठेवून पाहिली, म्हणजे ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी, आणि शिडीवरून हाक मारली.

"अरे ए, बुडबुडा उलट्या अंगाला सरकतोय. बघ की जरा काय भानगड आहे!"

मामानं मान वर केली. वर बघितलं तरी त्याला घेरी येते, म्हणून लगेच खाली केली.

"बुडबुडा नाही सरकला, तुझे डोळे सरकलेत! चष्मा बदल आता, म्हातारा झालास. नंबर घातलेत ना? मग लाव मुकाट्यानं नंबरानं."

सगळे हसले. बाईही हसल्या. मी तर इतका हसलो की स्क्रूची पुडी हातातून सुटली. बगळाही हसला, नुकत्याच केलेल्या चष्म्याची काच सदऱ्याला पुसली आणि उरलेल्या पट्ट्या नंबरानं लावल्या.

दुकानात येऊन तो विनोद मी सांगितला. जसाच्या तसा सांगितला असता तर माझा काय मोठेपणा? मी त्यात घातलं की बगळा चुकून शिडीऐवजी बाईंच्या खुर्चीवर चढायला निघाला होता. शेठ हसले, गिऱ्हाइकं हसली. आठवडाभर चालला विनोद.

पुढे पाऊस लागला. आणि वाचनालयाच्या छपरावरचं सगळं पाणी पाइपाकडे पाठ फिरवून दुसऱ्या टोकाला धावलं. तिथं पन्हळ भरून वाहिली, पाणी खिडकीतून आत आलं, आणि खिडकीखालच्या कपाटातले जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड भिजले. चाळीस वर्षांचे खंड. बाईंनी ते एकेक पान सुटं करून टेबलांवर, खुर्च्यांवर, जिन्याच्या कठड्यावर वाळत घातले होते. मी बघायला गेलो तेव्हा त्या एका पानावर हात ठेवून उभ्या होत्या. ते पान उचलायला गेलं की फाटत होतं.

मामाला बोलावणं गेलं. तो आला, छपराखाली उभा राहिला, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे एका नजरेत त्याला सगळं कळलं. ते फाटक, तो बाक, डावं-उजवं, सगळं. हे त्यानं मला पुष्कळ नंतर सांगितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं, दात उपटून घेताना बोलावं तसं.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात बगळा पुढे आला.

"चुकलं माझं," बगळा बाईंना म्हणाला. "सुरुवातच मी उलट्या टोकाकडून केली असणार."

"असणार म्हणजे? आठवत नाही तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"आठवतंय तर एक नंबर लांबच्या टोकाला लावल्याचं. पण बाई, आठवणसुद्धा याच डोळ्यांनी पाहिलेली ना?" मग मामाकडे वळून म्हणाला, "तू तेव्हाच म्हणाला होतास. मी हसण्यावारी नेलं. तुझं नाव खराब केलं रे मी."

आता बघा, हाच क्षण होता. एक वाक्य पुरे होतं. मामा काय म्हणाला?

मामा म्हणाला, "असू दे. होतं माणसाकडून."

आणि बगळ्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात आठवला की मामा अजून तळवा मांडीला पुसतो.

इथवर झालं ते घाबरलेल्या माणसाचं गप्प बसणं म्हणता येईल. पुढचं नाही म्हणता येत. मामानं एका नव्या फिटरकडून अकराही पट्ट्या उतरवून घेतल्या आणि बाईंना सांगितलं, "पुन्हा वाकवून देतो, फुकट." खरं तर वाकवायचं काहीच नव्हतं. फक्त ओळ उलटी लावायची होती. पण नंबर तसेच ठेवले तर नवा फिटर विचारणार, एक नंबर खाली कसा? म्हणून मामानं कानस घेतली आणि अकराही नंबर घासून साफ केले. वर चंदेरी रंग फिरवला. रंग वाळल्यावर नवे आकडे ठशानं ठोकायची हिंमत झाली नाही, खडूनं लिहिले. आणि पुन्हा वाकवल्याचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू यावा म्हणून दोन दिवस रिकाम्या ऐरणीवर हातोडा मारत बसला.

मामी आतून ऐकत होती. तीस वर्षं तिनं तो हातोडा ऐकला आहे. "पट्टी वाकताना आवाज दबका येतो. हा तर घंटेसारखा वाजत होता," असं ती नंतर म्हणाली. तेव्हा मात्र तिनं फक्त चहा नेऊन ठेवला आणि ऐरणीकडे बघून परत आली.

पन्हळ ठीक वाहू लागली. फुकट दुरुस्त करून दिलं म्हणून बाईंनी मामाला आभाराचं पत्र दिलं. मामीनं ते ट्रंकेत तळाशी टाकलं, पालथं.

बगळ्याला मात्र कुणी शिडीवर बोलावेना. आमच्याच दुकानात कुणी फिटर विचारला की शेठ म्हणायचे, "बगळा आहे, पण त्याला हल्ली खुर्ची आणि शिडी यातला फरक कळत नाही." खुर्ची माझी होती. मी घडवलेली. मी मान खाली घालून बिल लिहायचो. बगळ्यानं दोन महिने वाट पाहिली, मग शिडी विकली. तोवर तो रोज वाचनालयात जाऊन बाईंबरोबर पानं वाळवायला, चिकटवायला बसत होता. नुकसान त्याच्याच हातून झालं होतं ना! त्याचं बसणं बघून बाईंनी त्याला वाचनालयाचा सायकल स्टँड दिला. म्हणजे बिल्ले द्यायचे, बिल्ले घ्यायचे. बरोबर त्या पन्हळीखाली एक स्टूल टाकून.

आता जमिनीवर बसवलेला बगळा करणार काय? वर बघत बसायचा.

वर्ष गेलं. जस्त चढवलेल्या पट्टीला सहसा गंज धरत नाही. पण कानसेनं जस्त गेलं की लोखंड उघडं पडतं आणि रंग त्याला फार दिवस झाकत नाही. एके दिवशी मामा सायकलवरून वाचनालयावरून चालला होता. तसा तो वर्षभर लांबच्या रस्त्यानं जायचा, पण त्या दिवशी तो रस्ता खणलेला होता. बगळ्यानं हाक मारली.

"अरे थांब थांब! इकडे ये. वर बघ. घेरी आली तर मला धर, पण बघ."

मामानं पाहिलं. अकरा पट्ट्या, आणि प्रत्येकीवर त्याच एका जागी तपकिरी डाग. बाकी पट्टी चकचकीत.

"नंबराच्याच जागी गंज," बगळा म्हणाला. "दुसरीकडे कुठंही नाही. कुणीतरी कानस मारलीय. त्या नव्या फिटरचंच काम. पोराला अक्कल नाही, आणि रंग फासून झाकलंय वर. मी बाईंना सांगतो आजच. तुझ्या पट्ट्यांचं नाव खराब करतो म्हणजे काय? दुकानातही सांगतो, असल्याला काम देऊ नका म्हणून."

मामा सांगतो, पुन्हा तसंच झालं होतं. त्यानं काही करायची गरजच नव्हती. नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. 'हं' घशापर्यंत आलाही होता.

"त्यानं नाही मारली," मामा म्हणाला. "मी मारली."

"तू? तू कशाला मारशील?"

एक मुलगी सायकल घ्यायला आली. बगळ्यानं तिचा बिल्ला घेतला, सायकल काढून दिली, परत येऊन स्टुलावर बसला. मग वर बघत, पहिल्या पट्टीपासून शेवटच्यापर्यंत हळूहळू मान फिरवली. तसाच परत आला.

"म्हणजे बुडबुडा बरोबर होता," बगळा म्हणाला.

"हो."

"आणि माझे डोळे..."

"बरोबर होते."

बराच वेळ तो हातातला बिल्ला उलटसुलट करत राहिला. मामाला वाटलं, आता शिवी येईल. आली असती तर बरं झालं असतं.

"बायकोला म्हणायचो," बगळा म्हणाला, "ताटातला खडा दिसत नाही मला. दिसत असायचा. तरी म्हणायचो, दिसत नाही. तीच निवडून द्यायची." मग म्हणाला, "मला एकट्याला सांगून काय उपयोग? जिथं हसले, तिथं जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आला. चांगला इस्त्रीचा सदरा घालून. सदरा बघूनच मला कळायला हवं होतं की हे काही धड होणार नाही. दुकानात चार-पाच जण होते. मामानं घसा साफ केला.

"एक सांगायचं होतं. त्या वाचनालयाच्या कामात चूक बगळ्याची नव्हती. माझी होती."

मग शेठ गल्ल्यामागून उठले, आणि त्यांनी मामाचा हात हातात घेतला.

"वा! बघा रे, याला म्हणतात दोस्ती! त्याच्या पोटावर पाय येतो म्हणून दोष स्वतःच्या अंगावर घेतोय माणूस. सूतभर म्हणतो आपण याला, पण काळीज बघा केवढं! ए, चहा सांग रे स्पेशल."

"नाही, शेठ, खरंच माझी..."

"बस, बस. आम्ही काय ओळखत नाही का तुला?"

चहा आला. सगळे त्याच्याकडे कौतुकानं बघत होते. मामानं तो चहा घेतला. मी बघत होतो, त्यानं खाली मान घालून बशीत ओतला आणि संपवला.

घरी मामीनं विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं. कुणी खरं मानेना."

"मग?"

"चहा पाजला."

"प्यायलात?"

मामा सदऱ्याची बटणं काढू लागला.

"प्यायलात," मामी म्हणाली. "आवडला असेल. मोठेपणाचा चहा गोड लागतो. कानसेचं सांगितलंत? ऐरणीचं? डोळ्यांवरून हसवलंत ते? नाही ना? 'चूक माझी' म्हणायला कुणीही म्हणतो. त्यात जातंय काय?"

मला वाटतं, त्या घरात इतक्या वर्षांत कुणी इतकं नेमकं माप घेतलं नव्हतं. मामा रात्री जेवला नाही.

सकाळी तो पुन्हा आला. या वेळी कामाच्या कपड्यांत, हातात कानस. शेठ म्हणाले, "या, या, दिलदार!" मामानं कानस काउंटरवर ठेवली.

"बसून ऐका," तो म्हणाला. "मध्ये बोलू नका, नाहीतर मी पुन्हा चहा पिऊन जाईन."

आणि त्यानं सांगितलं. बाक कसा होता, तो कुठं बसला, नंबर कसे उलटे पडले. बगळ्यानं वरून विचारलं तेव्हा चार लोकांत त्याची कशी फजिती केली. तो माफी मागत होता तेव्हा पाठीवर हात कसा ठेवला. "मग या कानसेनं अकरा नंबर घासले. रंग लावला. आणि दोन दिवस रिकामी ऐरण ठोकली, तुम्हाला ऐकू जावी म्हणून. जाऊन बघा, घासलं तिथं गंज आलाय. अकरा डाग आहेत. मोजून घ्या."

या वेळी कुणी वा म्हणालं नाही. चहाही कुणी सांगितला नाही. शेठनी हळूच कानस त्याच्याकडे सरकवली, जशी काही ती काउंटरला डाग पाडील. एक गिऱ्हाईक मामाच्या जवळून उठून पलीकडे जाऊन बसलं. मामाचे कान लाल झाले होते, पण तो गेला नाही. कुणी काही म्हणतं का, याची वाट बघत उभा होता.

तेव्हा मी म्हणालो, "खुर्चीची गोष्ट मी रचली होती." माझा आवाज किती बारीक निघाला ते सांगत नाही. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तो आठवडाभर ते माझ्याशी फक्त मालाच्या नगांबद्दल बोलले.

मामा तसाच वाचनालयात गेला, बाईंना सगळं सांगून आला. त्या काय म्हणाल्या हे त्यानं आम्हाला सांगितलेलं नाही. ट्रंकेतलं पत्र मात्र त्यानं काढून परत नेऊन दिलं.

बगळ्याला पुन्हा कामं येऊ लागली. शेठनीच नवी शिडी दिली, हप्त्यानं. तो सायकल स्टँड सोडून वर गेला. पण मामाच्या जोडीनं नाही; आता तो स्वतंत्र कामं घेतो. फक्त पट्ट्या वाकवणारा गावात दुसरा कुणी नाही, त्यामुळे पट्ट्यांसाठी त्याला मामाकडेच यावं लागतं. येतो, बसतो, पाणी पितो. मामीची चौकशी करतो. मग माल ताब्यात घ्यायच्या आधी सगळ्या पट्ट्या ओळीनं मांडतो आणि त्यांच्यावरून दोरी धरून एकेक तपासतो. नंबर बोटानं चाचपतो, पुन्हा मोजतो. त्याला घाई नसते.

दोरीला दुसरं टोक लागतं. ते मामा धरतो.

परवा मी तिथं होतो. दोरी मध्येच जरा लोंबली. पूर्वीचा बगळा असता तर ओरडला असता, झोपलास का रे म्हणून.

"जरा ताणून धरता का," बगळा म्हणाला.

मामानं दोन्ही हातांनी दोरी ताणली, आणि तो शेवटच्या पट्टीपर्यंत पोचेस्तोवर तशीच धरून उभा राहिला.